साइडकारमधली जागा

ट्रॅम शहराबाहेर पडून सरळ रस्त्याला लागली आणि थेल्मा पेनबर्थीने शेजारी बसलेल्या परक्या माणसाच्या गुडघ्यावर दोन बोटांनी टकटक केलं. केलं म्हणजे काय, हाताने आपणहून केलं. ती खिडकीबाहेर बघत होती, विजेचे खांब एकामागून एक मागे पळत होते आणि तिच्या डोक्यात कुठेतरी, तिला न विचारता, त्या खांबांची मोजणी चालली होती. मोजणी भरली तसा उजवा हात मांडीवरून उठला, शेजारच्या गुडघ्यापाशी गेला, टकटक करून परत आला. त्या माणसाने मोबाइलमधून मान वर काढली. तिशीतला असेल, दाढीवाला, बुटांवर रंगाचे डाग पडलेले. "काय झालं आजी, उतरायचंय का?" "नाही रे बाबा," थेल्मा म्हणाली, "चुकून लागला हात." "असू द्या हो," तो हसून म्हणाला, पण गुडघा मात्र त्याने जरासा पलीकडे घेतला. तेवढंच. ट्रॅममध्ये कुणाचं लक्षही नव्हतं. तरी थेल्माला वाटलं, सगळ्यांनी पाहिलं. एक म्हातारी परक्या माणसाला आपला नवरा समजली. म्हणजे हे विसरणं आता माझ्याही अंगात शिरायला लागलं की काय, तिने स्वतःला विचारलं, आणि तो हात काठीच्या मुठीवर दाबून ठेवला.

गुडघा नवऱ्याचा, क्लॅरीचा असायला हवा होता. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून तो क्लॅरीचाच होता. त्याच्याकडे होती तसल्या जुन्या मोटरसायकलींचं इंजिन म्हणजे तान्हं पोर. आपलं आपण तेल पीत नाही, पाजावं लागतं. टाकीवर पितळी दांडा असतो, तो दर दोन-अडीच मैलांनी चालवणाऱ्याने एकदा खाली दाबायचा. कमी दाबला तर इंजिन कोरडं पडून जागच्या जागी जाम. जास्त दाबला तर मागे निळ्या धुराचा लोट आणि मागून येणाऱ्यांच्या शिव्या. क्लॅरीला गाडी चालवता चालवता गाता यायचं, आकाशातली घार दाखवता यायची, पुढच्या गावातल्या बेकरीत पेस्टी, ती मटणाच्या सारणाची मोठी करंजी, कशी मिळते यावर भांडता यायचं, पण दांडा दाबायची आठवण काही राहायची नाही. तेव्हा कामं वाटून झाली. त्याने चालवायचं, थेल्माने डाव्या अंगाच्या साइडकारमध्ये बसून खांब मोजायचे आणि वेळ झाली की त्याच्या गुडघ्यावर टकटक करायचं. नलारबॉरच्या मैदानावर मोजायला खांबही नसत, झाडही नसे, तिथे ती मनातल्या मनात चर्चमधलं एक भजन म्हणे. शेवटचं कडवं संपलं की टकटक. "बायको नाही, घड्याळ करून आणलंय मी," तो जुन्या गाड्यांच्या क्लबात सांगायचा. "पुढे जातं की मागे पडतं?" असं कुणी विचारलंच तर म्हणायचा, "ते मी कोण सांगणार? किल्ली तिच्याकडे." लोक हसायचे. थेल्माही हसायची, दर वेळी, तोच विनोद तसाच ऐकून. आता वाटतं, इतक्यांदा हसून कंटाळा कसा आला नाही आपल्याला. आणि आता तो विनोद कुणी सांगेल तर ती जीव ओवाळून टाकील.

या वर्षी साइडकारमध्ये क्लॅरी होता आणि गाडीवर त्यांची मुलगी, नेरिडा. पार पश्चिम टोकाच्या, पर्थजवळच्या फ्रीमँटलहून निघायचं, अख्खं मैदान ओलांडायचं आणि ग्लेनेल्गच्या धक्क्यापाशी क्लबाची रॅली संपवायची. थेल्माच्या कंबरेत हिवाळ्यात नवा सांधा बसवलेला, डॉक्टरने साइडकारचं नाव काढताच हात जोडले होते. नेरिडाला लहानपणी या गाडीचा वास सहन व्हायचा नाही. जुन्या इंजिनांना एरंडेल लागतं, आणि जळलेल्या एरंडेलाचा वास घरातल्या पडद्यांना, क्लॅरीच्या स्वेटरांना, वाढदिवसाच्या केकलासुद्धा येतो, अशी तिची तक्रार असे. सोळाव्या वर्षी तिने सांगून टाकलं होतं, मी मरेन पण त्या टपात बसणार नाही. तीच नेरिडा पंचेचाळिशीत, वसंताच्या सगळ्या रविवारी येऊन, बापाच्या शेडमध्ये गाडी शिकली. बाप शिकवायचा, विसरायचा, पुन्हा पहिल्यापासून शिकवायचा. "बरंय की," नेरिडा म्हणाली होती, "मला दोनदा सांगितल्याशिवाय काही कळतच नाही." असं बोलून ती शेडच्या मागे गेली आणि बराच वेळ आली नाही. थेल्मा स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत होती. बाहेर जावं, पोरीच्या पाठीवरून हात फिरवावा असं तिला फार वाटलं, पण तेव्हा कुबड्या होत्या.

आणि आज या दोघांची वाट बघायला ती निघाली होती. वाट बघायची म्हणजे नुसती नाही. ब्राइटनला, समुद्रासमोर, म्हाताऱ्यांचं एक घर आहे, पिवळ्या भिंतींचं. तिथे आजपासून क्लॅरीसाठी खोली धरून ठेवलेली होती. चांगली खोली, पाणी दिसतं. त्याच्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवून द्यायच्या असतात तिथे. थेल्माने आठवडाभर बसून शिवल्या, मोज्यांवरसुद्धा. बॅग जावयाने सकाळीच नेऊन पोचवली. नेरिडाचं म्हणणं असं की रॅली संपली की परस्पर तिकडेच न्यायचं. दमलेला असेल, खुशीत असेल, वाद घालणार नाही. "एकदा घरी आला ना आई, की तुझ्याच्याने व्हायचं नाही," ती वाटेतल्या सेडूनाहून फोनवर म्हणाली. "माहितीय मला तू कशी आहेस ते." थेल्मा म्हणाली, "बघू." त्या बघू मागे तिने काय ठरवून ठेवलं होतं, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते, पोरकटपणा होता. तिने मनाशी एक पैज लावली होती. धक्क्यापाशी उतरल्यावर क्लॅरीने आपल्याला ओळखलं, नावाने हाक मारली, तर त्याला घरी न्यायचं. खोली गेली उडत. पट्ट्या उसवता येतात. आणि नाही ओळखलं तर ब्राइटन. असं कुठे ठरवायचं असतं का माणसाचं, तिला कळत होतं. पण दुसऱ्या कशाने ठरवायचं तेही कळत नव्हतं.

ट्रॅम उन्हातून चालली होती. थेल्माला तो हातमोजा आठवला. खरं तर तो कधी विसरलाच नव्हता, पण ट्रॅममध्ये रिकामं बसलं की आठवणी रांग लावून येतात आणि त्यात हाच पहिला असतो. रात्री गाडी उभी केली की तेलाची तोटी बंद करावी लागते. नाहीतर रातोरात सगळं तेल झिरपून इंजिनाच्या पोटात साठतं. सकाळी ती आठवणीने उघडायची. न उघडता निघालात तर दांडा हवा तेवढा दाबा, तेल येणार कुठून? म्हणून क्लबातल्या सगळ्यांची एक रीत होती. तोटी बंद करणाऱ्याने आपला डावा हातमोजा हँडलला अडकवून ठेवायचा. सकाळी थंडीने बोटं गळून पडली तरी, तोटी उघडल्याशिवाय मोजा घालायचा नाही. कुणी दुसऱ्याच्या मोज्याला हात लावायचा नाही, बायकोनेसुद्धा. बाकीच्या जगात माणसं किल्ल्या विसरतात, चष्मे विसरतात, लग्नाचे वाढदिवस विसरतात. क्लॅरी तेही सगळं विसरायचा. पण यूक्लाच्या मुक्कामावर एका सकाळी, गवतावर दव पांढरं पडलेलं असताना, त्याने गाणं म्हणत म्हणत हँडलवरचा मोजा काढला, हातात चढवला आणि तोटीकडे न बघता गाडीला किक मारली. थेल्मा साइडकारमध्ये घोंगडी गुंडाळून बसली होती. तिने ते पाहिलं. बाहेर वाकली, घोंगडी सारखी केल्यासारखं केलं आणि तोटी उघडली.

तिथून पुढे ती रोजच उघडत आली. दोन वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही. घरातही तेच, गॅस बंद करायचा, नळ बंद करायचा, त्याने दोनदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकायची. माणूस आपल्या माणसाची लाज झाकतो, त्यात काय एवढं? नेरिडाला कळलं तेव्हा ती भडकलीच. "तू त्याला इतकं छान झाकलंस आई, की तो नाहीसा झालेला आम्हाला दिसलाच नाही!" हे वाक्य थेल्माच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. तिला पोरीचा राग आला नाही. खरं बोलणाऱ्याचा राग येत नाही, नुसतं दुखतं.

आणि कंबर. कंबरेचं नेरिडालाही माहीत नव्हतं. सगळ्यांना सांगितलेलं, बाथरूममध्ये पायपुसणं सरकलं. शेजारणीने येऊन ते पायपुसणं फेकून दिलं होतं, बिचारं. झालं होतं असं, की पहाट फुटता फुटता थेल्मा चहा टाकायला उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात क्लॅरी उभा होता. पजामा, उघडे पाय, डोळे मोठ्ठे झालेले. "कोण आहेस तू?" तो ओरडला. "माझ्या घरात काय करतेस? थेल्मा! थेल्मा, उठ, घरात कुणीतरी शिरलंय!" थेल्मा म्हणाली, अरे मीच, मीच आहे रे थेल्मा, आणि तिने हात पुढे केला. त्याने तो हात झिडकारला आणि दोन्ही हातांनी तिला ढकललं. मारलं नाही. आयुष्यात कधी हात उचलला नव्हता त्याने, तेव्हाही नाही उचलला. बायकोला चोरापासून वाचवत होता तो. फरशीवर पडल्यापडल्या तिला त्याच्या हाका ऐकू येत होत्या. थेल्मा, बाहेर येऊ नकोस. थेल्मा, दार लावून घे. एवढं प्रेम तिच्यावर दुसऱ्या कुणी केलं नसेल. ती खाली पडून ते ऐकत होती आणि तिचा पाय हलत नव्हता.

ट्रॅम शेवटच्या स्टॉपला थांबली. दाढीवाल्याने तिला उतरायला हात दिला. "तुमचं कुणी येणार आहे का न्यायला?" "येतोय," थेल्मा म्हणाली, "पर्थच्या बाजूने येतोय." तो हसला, त्याला थट्टा वाटली. समोर चौक, चौकाच्या पलीकडे धक्का, त्यापलीकडे समुद्र आणि पश्चिमेचं अंगाला झोंबणारं वारं. वॉली ट्रेगोनिंग गुडघ्यांवर बसून फरसबंदीवर मैद्याची रेघ ओढत होता. रॅलीची शेवटची रेघ मैद्याचीच असते, आणि ती ओढायचा मान क्लबातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा. वॉली रेघ पुढे ओढत होता आणि मागून सीगल पक्षी येऊन ती खात होते. "हाड! मेल्यांनो, हाड!" वॉलीने पिशवी फिरवली, त्यात अर्धा मैदा त्याच्याच डोक्यावर पडला. "ये थेल्मा, ये. बघ माझी दशा. बेकरीत चिकटलो असतो तर निदान पगार तरी मिळाला असता." "रेघ वाकडी आहे तुझी," थेल्मा म्हणाली. "रेघ सरळच आहे. चौक वाकडा आहे." त्याने उठायला हात वर केला, तिने काठी पुढे केली, दोन म्हातारी माणसं एका काठीला धरून कशीबशी उभी राहिली आणि दोघांनाही हसू आलं. मग वॉलीने आवाज खाली आणला. "आजच का?" "आजच." "सांगितलंय त्याला?" थेल्माने नकारार्थी मान हलवली. वॉली मैद्याचे हात कोटाला पुसत राहिला. "गेल्या वर्षी त्याने मला माझ्या बायकोची खुशाली विचारली," तो म्हणाला. "तिला जाऊन किती वर्षं झाली. मी म्हटलं, मजेत आहे. खरं सांगू? बरं वाटलं गं मला. कुणी विचारतच नाही आता."

थेल्मा भिंतीच्या आडोशाला बाकावर बसली. एकेक गाडी येत होती. लोकं टाळ्या वाजवत होती, कुत्री मैदा चाटत होती. फ्रीमँटलला प्रत्येकाने बाटलीभर समुद्राचं पाणी भरून घेतलेलं असतं. ते इथे आणून या समुद्रात ओतायचं, मग रॅली पुरी. एक रांगडा गडी बाटली ओतताना ढसाढसा रडला आणि मग वारं डोळ्यात गेलं म्हणाला. थेल्मा बघत होती पण तिचं मन तिथे नव्हतं. ती रोजचे फोन आठवत होती. नेरिडा रोज संध्याकाळी फोन करायची, आणि थेल्मा रोज विचारायची, आज कसा आहे. एके दिवशी, छान आहे, जेवला, सगळ्यांना घारी दाखवल्या. एके दिवशी, मलाच तू समजतोय आई, मी काय करू? तू हो म्हण, थेल्मा म्हणाली होती. हो म्हण, त्याने काय होतंय. आणि फोन ठेवल्यावर अंधारायला लागलेल्या घरात तिला आपल्याच पोरीचा हेवा वाटला होता. एवढ्या लांब, त्या ओसाड मैदानात, कुणीतरी थेल्मा म्हणून हाक ऐकतंय आणि ती आपण नाही. लाज वाटली तिला त्या हेव्याची, पण वाटायचा तो वाटलाच.

आवाज तिला सगळ्यांच्या आधी ऐकू आला. इतर गाड्यांचे आवाज तिच्या कानाला वाहतुकीत मिसळलेले. हा एकच वेगळा, धप-धप, मध्येच दम खाल्ल्यासारखा थांबून पुन्हा धप-धप. मग वास आला, एरंडेलाचा, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नेरिडा धुळीने तांबडीलाल झाली होती, गॉगल काढल्यावर डोळ्यांभोवती तेवढे गोरे गोल. आणि साइडकारमध्ये क्लॅरी, राजासारखा बसलेला, घोंगडी गळ्यापर्यंत, दोन्ही बाजूंच्या लोकांना हात करतोय. मैद्याची रेघ ओलांडली तशी सगळ्यांनी आरोळी ठोकली. थेल्मा उठली. काठी कुठे टेकतेय, पाय कुठे पडतोय, तिला भान नव्हतं. खुशीत आहे, खुशीत आहे, एवढंच तिच्या मनात चाललं होतं. वॉली पुढे झाला आणि क्लॅरी त्याला बघून गरजला, "वॉली ट्रेगोनिंग! अजून आहेस होय रे तू?" "तुला पोचवल्याशिवाय जायचा नाही मी," वॉली म्हणाला. "आणि हे काय डोक्यावर? केस पिकले म्हणून कमी होतं, आता मैदा फासतोस?" लोक खो खो हसले. थेल्माला धाप लागली. ओळखलं. वॉलीला ओळखलं, नावासकट, आडनावासकट. मग मला का नाही ओळखणार? वॉली कोण लागतो त्याचा?

क्लॅरी आपला आपण साइडकारमधून उतरला. खिशातून बाटली काढली, धक्क्याच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेला. नेरिडा मागे, हात न लावता, पण लावता येईल इतक्या जवळ. त्याने बूच काढलं, जरा थांबला, मग शहाण्या मुलासारखं सगळं पाणी ओतलं आणि बाटली उलटी करून शेवटचा थेंब झटकला. काही म्हणजे काही चुकला नाही तो. नेरिडाने वर बघितलं, आई दिसली, आणि तिच्या धुळकट तोंडावर हसू फुटलं. ती काहीतरी त्याच्या कानात म्हणाली. क्लॅरी पायऱ्या चढून वर आला. थेल्मा त्याच्या समोर, चार पावलांवर उभी होती. निळा कोट घातला होता तिने, त्याच्या आवडीचा. केस वाऱ्याने उडत होते ते तिने एका हाताने धरले आणि वाट बघत राहिली.

क्लॅरीने तिच्याकडे बघितलं. मग त्याने डोक्यावरची चामडी टोपी काढली आणि छातीशी धरली.

संपलं. तो काही बोलायच्या आधीच थेल्माला कळलं. उभ्या जन्मात त्याने तिच्यासमोर टोपी काढली नव्हती. टोपी घालून जेवायला बसायचा म्हणून ती लग्न झाल्यापासून ओरडत आली होती. टोपी तो काढायचा परक्या बायकांसमोर. "बाई, वाऱ्यात का उभ्या?" क्लॅरी म्हणाला. आवाज इतका गोड, इतका अदबीचा. "या इकडे आडोशाला. आमच्या धुराने त्रास झाला का तुम्हाला?" "डॅड," नेरिडा म्हणाली, "डॅड, अरे ही—" थेल्माने तिच्याकडे बघून मान हलवली. नको. लोकांसमोर नको, त्याला खजील नको करूस. वॉली तोंड फिरवून सीगल हाकायला लागला. तिथे सीगल नव्हते. "नाही, त्रास कसला," थेल्मा म्हणाली. "मला आवडतो हा वास." "आवडतो?" क्लॅरी खूश झाला. "मग तुमचं आणि माझ्या बायकोचं जमेल. ती याच गाडीत बसून फिरली सगळीकडे. या वर्षी नाही येऊ शकली." त्याची नजर तिच्या काठीवर गेली. "तुमचंही कंबरेचंच का? तिचंही तेच झालं. पडली बिचारी बाथरूममध्ये." तो थांबला. समुद्राकडे बघून त्याने डोळे बारीक केले. "मी तिथे नव्हतो ना. असतो तर पडू दिली नसती."

थेल्माला काठी दोन्ही हातांनी धरावी लागली. मी तिथे नव्हतो. हे तो खरंच बोलत होता. नव्हताच तो तिथे. आणि उद्या पहाटेही नसेल. तिने पैज लावली होती ती आता तिला किती खोटी वाटली. तो तिला ओळखतो की नाही हा प्रश्नच नव्हता. थेल्माला तो ओळखतच होता, तिच्या कंबरेची काळजी करत होता, तिच्या आठवणीने त्याचा आवाज ओला होत होता. फक्त ही समोर उभी होती ती त्याला थेल्मा वाटत नव्हती. त्याची थेल्मा घरी होती. घरात त्याला ती सापडणार नव्हती, त्याऐवजी ही सापडणार होती, पहाटेच्या अंधारात, चहाचं भांडं घेऊन. आणि तो पुन्हा तिला वाचवायला धावणार होता. एखाद्या दिवशी त्याला कळलं तर? एकच क्षण का होईना, स्वच्छ ऊन पडावं तसं कळलं, की मी हिला ढकललं, तर? मोडलेली कंबर सोसता येते. पण ते त्याच्या डोळ्यांत बघायचं, ते तिच्याने झालं नसतं.

"बसा तुम्ही," क्लॅरी म्हणाला. त्याने साइडकारची घोंगडी झटकली, घडी करून बसायच्या जागी घातली. "काठीने किती चालणार या वाऱ्यात? माझी मुलगी चांगली चालवते. बायकोची जागा आहे ही, पण ती काही म्हणायची नाही, मोठ्या मनाची आहे. मी मागे बसतो मुलीच्या." त्याने हात पुढे केला. थेल्माने तो धरला. तळवा तसाच होता, खरखरीत, गरम. हळूहळू, कंबर सांभाळत, ती आत बसली. डॉक्टर काय म्हणाला होता तेही तिला आठवलं नाही. त्याने घोंगडीची दुसरी घडी तिच्या गुडघ्यांवर नीट पसरली, कडा आत खोचल्या. इतकं हळुवार की थेल्माने ओठ आतून चावून धरले. नेरिडा गाडीवर बसली. तिचे खांदे हलत होते, पण तिने मागे वळून बघितलं नाही. क्लॅरी तिच्यामागे चढून बसला आणि खाली वाकला.

"कुठे सोडायचं तुम्हाला?"

सीक्लिफ, थेल्माच्या तोंडाशी आलं. चढावरचं घर, आमचंच. म्हटलं असतं तर त्याने नेलंही असतं. स्वतः फाटक उघडलं असतं आणि आत जाऊन हाका मारल्या असत्या.

"ब्राइटनला," ती म्हणाली. "समुद्रासमोर ते पिवळं घर आहे ना, म्हाताऱ्या माणसांचं. तिथे."

नेरिडाने आता वळून बघितलं.

"चांगली जागा आहे म्हणतात," क्लॅरी म्हणाला. "एकट्याच असता का तिथे?"

"नाही. नवरा असतो माझा तिथे."

"मग वाट बघत असेल बिचारा." क्लॅरीने टोपी डोक्यावर चढवली आणि नेरिडाच्या कानाशी तोंड नेऊन, इंजिनाच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाला, "ब्राइटन वाटेवरच आहे गं आपल्या. आधी यांना सोडू, मग घरी जाऊ. थेल्मा जेवायची थांबली असेल."